झुंबरच्या चिंचेवरचा हळद्या

रविवार, ३ एप्रिल १९५५
पणदरे

आज सकाळी वांग्यांना पाणी लावताना हळद्या बोलला. दिसला नाही, नुसता आवाज. पाणी शिरलेल्या बासरीत कुणी फुंकर घालावी तसा तो आवाज असतो. मी खोरं टाकून तसाच उभा राहिलो आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात गेलं.

ही डायरी जावयांनी जानेवारीत कारखान्यातून आणून दिली होती. तीन महिने कोरी पडली. मी मराठी चौथी. अक्षर बरं आहे, जोडाक्षरं फसतात. घरात बोलायला एक बहीण आहे, ठमा, पण तिच्याशी बोलायला बसलं की तीच बोलते. म्हणून इथे लिहायचं ठरवलं.

हळद्या उन्हाळ्यात येतो, पावसाळा सरला की जातो. कुठे जातो माहीत नाही. आला की चार-आठ दिवस सगळी झाडं हिंडून बघतो, मग एक ठरवतो आणि तिथे पिल्लं काढतो. माझे वडील म्हणत, हळद्या ज्याच्या झाडावर घरटं करतो त्या घरची बाळंतीण सुखरूप उठते. माझी लेक कौसल्या जन्मली त्या साली घरटं माझ्याच आंब्यावर होतं. तिसऱ्या साली माझ्या बायकोला, म्हाळसाला, पुन्हा दिवस गेले. त्या उन्हाळ्यात हळद्या आला, माझ्या आंब्यावर दोन दिवस बसला आणि बांधापलीकडे झुंबरच्या चिंचेवर गेला. झुंबर माझा धाकटा भाऊ. त्याच्या बायकोला, धोंडाबाईला, मुलगा झाला. माझी म्हाळसा बाळासकट गेली.

यंदा तो काय ठरवतो ते बघायचं.

बुधवार, ६ एप्रिल

कौसल्या पुढच्या महिन्यात येईल. येईल म्हणजे यायला पाहिजे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज कळसच्या व्याह्यांनाही मान्य आहे. पण हल्ली त्यांच्या बोलण्यात दुसराच सूर येतो. तुमच्याकडे बाईमाणूस एकच, तेही म्हातारं. वालचंदनगरला पोराच्या क्वार्टरपाशी डॉक्टर आहे. असं आणि तसं.

लेक बाळंतपणाला आली नाही तर गाव काय म्हणेल हे बाजूलाच. मी साठी ओलांडली. माझ्या घरात पुन्हा पाळणा हलायचा तर तो आता.

झुंबरची गोष्ट वेगळी. चार मुलगे, तीन सुना, ओसरीवर सकाळी चहाला बसायला जागा मिळत नाही. वाटणीच्या वेळी थोरला म्हणून वाटे मी केले आणि धाकटा म्हणून त्याने आधी उचलला. आंबा, कौलारू घर आणि पाटाजवळची जमीन सोडून त्याने चिंचेकडची बाजू उचलली. मला तेव्हा हसू आलं होतं. ते हसू कुठे गेलं कुणास ठाऊक.

रविवार, १० एप्रिल

जावई सोपानराव येऊन गेले. बारामतीपासून सायकल हाणत आले. सहज आलो म्हणाले, पण मी ओळखलं, जागा बघायला आले होते. मधली खोली पाहिली, खिडकी उघडून मिटून पाहिली, विहिरीत डोकावले, सुईण शकुबाईचं घर कुठे ते विचारलं. मी मागे मागे फिरत प्रत्येक वस्तूचं कौतुक सांगत होतो. बाज सागवानी आहे. खोलीला वारा आहे. हंडा तांब्याचा आहे.

सगळं ठीक चाललं होतं. मग ते एवढंच म्हणाले की क्वार्टरमध्ये विजेचा दिवा आहे, रात्री-अपरात्री बरा पडतो. ठमा चुलीपुढे होती. तिथूनच म्हणाली, "तुमाला तुमच्या आईनं ईजेच्या दिव्याखाली काढलं व्हय? अंधारात झाला म्हणून काय आंधळं निपजला?"

जावई खाली मान घालून बसले. त्यांचे खांदे हलत होते. रागानेच असणार. तेवढ्यात शेजारच्या दोघी-तिघी जावई बघायला म्हणून दारात आल्या, तर ठमा पळी घेऊन उठली आणि त्यांना पार रस्त्यापर्यंत पोचवून आली. पाहुण्यासमोर हे.

जाताना सोपानराव आधी ठमाच्या पाया पडले, मग माझ्या. म्हणाले, "मामा, आत्याबाई उन्हाळाभर हितंच असणार नव्हं?" मी हो म्हणालो. सायकलवर टांग टाकल्यावर पुन्हा तेच विचारलं. बिचाऱ्याने धसका घेतला. ही असेल तर तो बायकोला कशाला पाठवेल?

गुरुवार, १४ एप्रिल

हळद्या दिसला. नवरदेवाला हळद लावून डोळ्यात काजळ घालावं तसा. त्याची मादीही आहे, ती हिरवट, साधी. दोघं माझ्या आंब्यावर आले, झुंबरच्या चिंचेवर गेले, पुन्हा माझ्याकडे आले.

पण आंब्यावर कोतवालाची जोडी घरटं बांधते आहे. काळीकुट्ट, कात्रीसारख्या शेपटीची पाखरं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी त्यांच्या तावडीत सापडलेलं असतं. काल घार, आज दोन कावळे, दुपारी मी. मुंडाशावर अशी चोच मारली की डोकं चोळत घरात आलो. हळद्या लाजाळू पाखरू, पानाआड बसणारं. असल्या भांडखोराच्या शेजाराला तो कशाला येईल? मी पाखरू असतो तर आलो नसतो.

दोनदा मात्र पाहिलं, हळद्या कोतवालाच्या फांदीला लागून बसला होता आणि कोतवालाने त्याला काही केलं नाही. आज नाही तर उद्या करेल.

शनिवार, १६ एप्रिल

आंबे उतरवायचा झेला काढला. लांब वेळू, टोकाला आकडा आणि जाळी. फळ न आपटता खाली आणायचं साधन. त्याने आज कोतवालाचं घरटं उतरवलं. घरटं कसलं, चहाच्या बशीएवढं, काड्यांचं. आत काही नव्हतं. अंडी असती तर मी हात लावला नसता.

दोघांनी माझ्याभोवती घिरट्या घालून जीव नकोसा केला. मी झेला फिरवत राहिलो. संध्याकाळी ती जोडी झुंबरच्या चिंचेवर जाऊन बसलेली पाहिली. जाऊ दे त्याच्याकडे. त्याच्या मुंडाशालाही कळू दे.

झाड कसं मोकळं वाटतं.

रविवार, १७ एप्रिल

एक काम उरकलं की दुसरं करायला धीर येतो. आज ठमाला सांगितलं.

ती कुरडयांसाठी गव्हाचा चीक घोटत होती. मी म्हणालो, झुंबरकडेही कुरडया-शेवयांचं काम निघालंय, सुना पोरांत गुंतलेल्या आहेत, धोंडाबाईचे गुडघे दुखतात, तू तिकडे जाऊन राहा. तिने विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, बाळंतपण होईपर्यंत.

तिने पळी खाली ठेवली. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. ठमाने एका शब्दात काही संपवलेलं मला आठवत नाही.

म्हाळसा गेली त्या दिवशी ठमा आमच्या घरी आली. तिचं कुंकू त्याआधीच गेलं होतं. घर बायकांनी भरलेलं, कुणी रडत होती, कुणी शेकोटीला गोवऱ्या लावत होती, कुणी काय करायला हवं होतं ते सांगत होती. ठमाने आल्या आल्या सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी लावली आणि तीन वर्षांच्या कौसल्येला मांडीवर घेऊन बसली. तेव्हापासून तिचा आवाज चढला तो उतरलाच नाही. तिचे उपकार मी मानतो. पण घर शांत पाहिजे.

तिने वळकटी बांधली आणि बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांचं गाठोडंही उचलून नेलं. ते ठेव म्हणायला मला सुचलं नाही.

बुधवार, २० एप्रिल

शांत. सकाळी हळद्याची जोडी आंब्यावर होती. मादी फांदीच्या टोकाला बेचक्यात बसून अंग फिरवून बघत होती, नवी नवरी घर बघते तशी. मी श्वास रोखून ओसरीवर बसलो.

भाकरी करपली. चीक तसाच राहिला होता, तो आंबला.

शुक्रवार, २२ एप्रिल

हळद्या घरट्याला गवत, कोळ्याचं जाळं आणि चिंध्या वापरतो. चिंध्या मिळाल्या तर त्याला फार आवडतं, लोंबत्या ठेवतो. म्हणून ट्रंकेतून म्हाळसाचं पिवळं लुगडं काढलं. इतकी वर्षं घडी मोडली नव्हती. त्याच्या बारीक पट्ट्या फाडल्या. फाडताना झालेला आवाज नको वाटला. पण कौसल्येसाठीच करतो आहे, म्हाळसाची काही हरकत नसती.

आंब्याच्या खालच्या फांद्यांना पट्ट्या बांधल्या. सैल बांधल्या, ओढली की सुटावी अशा.

रविवार, २४ एप्रिल

चार पट्ट्या गेल्या. हळद्या माझ्यासमोर घेऊन गेला. आज गोड केलं. शिरा थोडा लागला, पण खाल्ला.

मंगळवार, २६ एप्रिल

लिहायला हात उठत नाही.

सकाळी बांधावर गेलो. झुंबरच्या चिंचेच्या फांदीला, उंचावर, एक वाटीसारखं घरटं टांगलंय आणि त्याच्याखाली म्हाळसाच्या लुगड्याची पिवळी पट्टी वाऱ्यावर हलते आहे. माझ्या बायकोचं लुगडं त्याच्या झाडाला. त्याच झाडाला हातभर अंतरावर कोतवालाचं नवं घरटं.

मी झुंबरच्या ओसरीवर जाऊन विचारलं, तू काय केलंस. तो चहा पीत होता. मुलगे, सुना, ठमा, सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, पाखराला मी काय चहा पाजून नेलं व्हय?" सगळे हसले. मग म्हणाला, "तुझं झाड एवढं चांगलं हाय तर तूच जाऊन बस की त्याच्यावर." पुन्हा हसले. त्याला कधी राग येत नाही. माणसाला राग येऊ नये म्हणजे काय?

ठमा हसली नाही. तिने माझ्यापुढे चहा ठेवला. मी घेतला नाही.

रविवार, १ मे

रात्रंदिवस एकच विचार. त्याच्या चिंचेत असं काय आहे?

माझा आंबा उंच, त्याची चिंच बुटकी. माझी पानं दाट, त्याची झिरझिरीत, आतलं सगळं दिसतं. पाट माझ्याकडून जवळ. माझ्याकडे माणसांचा गलबला नाही, त्याच्याकडे पोरं दिवसभर विट्या मारतात. सावली, पाणी, शांतता, सगळं माझ्याकडे. तरी पाखरू तिकडे.

दुपारी बिरू आला. तो धनगर, मेंढरं घेऊन कोकणातून परतलाय, खतासाठी माझ्या रानात मेंढरं बसवायची आहेत. मी त्याला विचारलं, परक्या मुलखात संध्याकाळी मेंढरांच्या वाड्याला जागा कशी निवडतोस. मला वाटलं, फिरतं माणूस आहे, फिरत्या पाखराचं त्याला कळत असेल. तो म्हणाला, "गवत आन् पानी मागनं. आदी बघायचं, शेजारी कुनाची कुत्री हायती. तिखट कुत्री आसली की मी माझी वाघर, मेंढरांभवतीची जाळी, त्याच्या वाघरंला चिकटून लावतो. लांडगा तितं येत न्हाय. धनी लाख शिव्या घालू दे."

मी पाखरांचं विचारत होतो, हा कुत्र्यांचं सांगत बसला. धनगराला मेंढरांपलीकडे दुसरं काही सुचत नाही.

गुरुवार, ५ मे

गल्लीतल्या एकीकडून कुरडया घालून घेतल्या आणि अंगणात वाळत टाकल्या. कावळ्यांनी सगळ्या नेल्या. मी काठी घेऊन बसलो, डोळा लागला, उठून बघतो तर बाजेवर कापड फक्त. कावळे आता कुणाला भीत नाहीत, ओट्यावर येतात, पाण्याच्या घागरीवर बसतात. आंब्यावर तर त्यांनी ठाणच मांडलंय. बुलबुलाचं घरटं होतं, तेही पुसलं.

झुंबरच्या अंगणात कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळताहेत. ठमाचा आवाज इथपर्यंत येतो.

सोमवार, ९ मे

कौसल्या आली. बारामतीपर्यंत मोटारीने, पुढे बैलगाडीने. सोपानराव सोडून गेले. गाडी माझ्या दारात थांबली, झुंबरच्या नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

घर मी सारवून घेतलं होतं. बाज नव्याने विणली होती. खिडकीला पडदा. ती सगळीकडे फिरली, हात लावून बघत. अंग जड झालंय, चेहरा उतरलाय. चुलीपाशी जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "आबा, आत्या कुठं हाय?"

मी सांगितलं, झुंबरकडे कामाला गेली आहे. तुला आराम मिळावा म्हणून. आता घरात कुणी आरडाओरडा करणार नाही.

ती जेवायला बसली. मी केलेली भाकरी खाल्ली. करपलेला पोपडा काढून ठेवला, मला दिसू नये म्हणून ताटाखाली.

मंगळवार, १० मे

सकाळी चहा झाल्यावर ती म्हणाली, "आबा, मी काकाच्यात जाते."

मी विचारलं, इथे काय कमी आहे. ती पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. मग म्हणाली, "मला भ्या वाटतंय आबा. आईचं आठवतं. आत्या जवळ आसली की वाटत न्हाय."

मी म्हणालो, ती दिवसभर ओरडते, तू दचकशील.

"आत्या माझ्यावर कदी वरडली? दारात येनाऱ्यावर वरडती."

हे काय उत्तर झालं? ओरडणं ते ओरडणं.

झुंबरचा थोरला मुलगा येऊन तिची पेटी घेऊन गेला. ती बांधावरून सावकाश गेली. मध्ये थांबून मागे वळून पाहिलं. मी घरात गेलो.

शुक्रवार, १३ मे

झुंबरने निरोप पाठवला की जेवायला ये. नाही गेलो.

त्याच्याकडे चार पोरं, सहा नातवंडं. अजून किती पाहिजेत? माझी एक होती तीही त्याच्याच ओसरीवर. लहानपणी भोवरासुद्धा त्याला माझाच लागायचा. मागायचा नाही, नुसता शेजारी उभा राहायचा आणि भोवरा त्याच्या हातात जायचा. कसा, ते मला अजून कळलेलं नाही.

बुधवार, १८ मे

दुपारी कौसल्या चिंचेखाली बाज टाकून पडते. ठमा शेजारी गव्हातले खडे वेचते. धोंडाबाई काहीतरी सांगते, तिघी हसतात. इथून शब्द ऐकू येत नाहीत. मी आंब्याखाली बसतो. माझ्याकडे बघून कौसल्येने हात केला. मी पाट बघायला आलोय असं दाखवलं.

गावातल्या बायका भेटायला येतात. ठमा त्यांना चिंचेपर्यंत पोचूच देत नाही. पोटुशी बाई म्हणजे जत्रा नव्हे, असं ती म्हणत होती, तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

रविवार, २२ मे

आज ठमाला बोलवायला निघालो होतो. ती आली की कौसल्या येईल, हे मला कळत नाही असं नाही. धोतर बदललं, बांधापर्यंत गेलो. तिथून दिसलं, झुंबर कौसल्येच्या पायाशी बसून नातवाला खेळवत होता आणि ती त्याला काही सांगत होती, लहानपणी मला सांगायची तशी, हात हलवून. मी तसाच परतलो.

ठमानेच यावं. घर तिचंही आहे. घालवलं कुणी, असं ती म्हणेल. म्हणू दे. पण आधी यावं.

रविवार, २९ मे

हळद्याची पिल्लं घरट्याच्या काठावर बसायला लागली. आज एक मोठा डोमकावळा चिंचेवर उतरला. मी इथून पाहत होतो. खरं सांगायचं तर मनात आलं, होऊ दे काय व्हायचं ते. म्हणजे त्यालाही कळेल.

कोतवाल असा तुटून पडला की कावळ्याला पंख आवरेनात. एकटा नाही, दोघं. त्याला पार पाटापलीकडे नेऊन सोडला. हळद्या तोवर बाजूच्या फांदीवर चोच पुसत होता, जसं काही झालंच नाही. राखणदार आयता मिळालाय. झुंबरच्या झाडाला नशीबच तसं. नाही तर कोतवाल आधी माझ्याकडेच होते.

मग वाटलं, ते वाईट का मनात आणलं. कौसल्या त्याच झाडाखाली झोपली होती.

बुधवार, १ जून

सकाळी झुंबर बांधावर आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"दादा, पोरीला कळा लागल्या. आक्कानं तुझा हंडा मागितलाय. तूच घिऊन ये म्हनली."

त्याच्याकडे दोन हंडे आहेत, दोन्ही माझ्यापेक्षा मोठे. तरी घेतला. वाटेत ठरवलं, ठमाला सांगायचं, दोघी घरी चला, बाज तयार आहे, सगळं तयार आहे. दारात पोचलो आणि आतून कौसल्येचा आवाज आला. मी हंडा खाली ठेवला. एवढ्या वर्षांनी तोच आवाज, तसाच. आता तिला कुठे हलवायचं?

ठमा बाहेर आली. केस सुटलेले, पदर खोचलेला. हंडा घेतला. मी म्हणालो, "ठमे, घरी कधी येणार?"

"ही इचारायची येळ हाय का?" ती म्हणाली. आत वळली आणि पुन्हा मागे फिरली. "दादा, तू बस हितं, उंबऱ्याशी. शकुबाईबिगर कुनाला आत सोडू नगं. कुनी का आसंना. मला आत बघायचंय, दाराकडं न्हाय."

मी बसलो. आधी पाटलाकडची बाई आली, नुसतं बघून जाते म्हणाली. मी नाही म्हणालो. ती ऐकेना, तेव्हा असा ओरडलो की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. मग आणखी दोघी आल्या, एक अंगारा घेऊन, एक कुठल्याशा पाल्याचा काढा घेऊन. अंगारा माझ्या हातात ठेव म्हटलं, काढा परत पाठवला. धोंडाबाईच्या माहेरची माणसं रस्त्यातूनच वळवली. झुंबर तीनदा आला. तिन्ही वेळा त्याला त्याच्याच घरात मी जाऊ दिलं नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, दादा, मला निदान तंबाखूची चंची तरी घेऊ दे. मी म्हणालो, चंची बाहेरून मागव. इतकं बरं मला वाटणीनंतर कधी वाटलं नव्हतं.

आतला आवाज वाढत गेला. मी चौकटीला पाठ लावून बसलो. एकदा आवाज थांबला. थांबला म्हणजे सगळंच थांबलं. अंगणात कावळा उतरला होता, त्याला मारायला हातात काही नव्हतं, म्हणून पायातली वहाण फेकली. आणि मग आत ते लहान, चिडलेलं रडणं सुरू झालं.

मुलगी. कौसल्या बरी आहे. शकुबाई म्हणाली, बाळ थोडं फिरलेलं होतं, पण ठमाबाईंनी पोरीला घाबरू दिलं नाही आणि मला घाई करू दिली नाही.

ठमाने पोर बाहेर आणली. झुंबर पुढे झाला. ती त्याला ओलांडून माझ्याकडे आली.

शनिवार, ४ जून

पोर दूध पिते. कौसल्या आज उठून भिंतीला टेकून बसली. मी दारातून विचारलं, भ्या वाटतं का. ती हसली, म्हणाली, "आता कशाचं? दारात तुमी, आत आत्या."

माझी वळकटी झुंबरच्या ओसरीवर आणली आहे. कारण एवढंच की रात्री कुत्री मोकाट फिरतात, झुंबरची झोप जड आणि त्याच्या मुलांचा भरवसा नाही. दाराशी कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. सोपानराव आले होते, त्यांनाही मी हात-पाय धुतल्याशिवाय आत सोडलं नाही. त्यांचे खांदे पुन्हा तसेच हलले. या जावयाचा स्वभाव मला अजून नीट कळलेला नाही.

माझ्या घराला कुलूप आहे. ठमाला म्हणालो, सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण आणि तू, तिघी तिकडे चला, चार दिवस तरी. ती म्हणाली, बघू. मी म्हणालो, बघू काय, मी बोलावतोय. ती दुपट्याची घडी घालत म्हणाली, "तेवढंच म्हनायला दीड म्हैना लागला," आणि उठून गेली. म्हणजे येईल, असं मी धरतो.

आता झुंबर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलाय की पोरीचं नाक त्याच्यावर गेलंय. सकाळी न्हाऊ घातल्यावर ठमा तिला उन्हात आणते, तेव्हा जवळून पाहीन. नाक माझं आहे.